मराठी पुस्तक कसे वापरावे : सेक्टर बावीस आवृत्ती

अभिनंदन! तुमची बदली चंदीगडला झाली आहे, सेक्टर २२ मध्ये पहिल्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आहेत आणि मूल अजून दुसरी-तिसरीत आहे. म्हणजे वेळ गेलेली नाही, असं तुम्हाला वाटतंय. वाटू द्या. ही पुस्तिका लिहिणाऱ्यालाही सहा वर्षांपूर्वी अगदी असंच वाटलं होतं.

पुस्तिका नवशिक्यांसाठी आहे. सामानाच्या ट्रकमध्ये पोळपाट राहून गेला, पण गोष्टींच्या पुस्तकांचा खोका सगळ्यांत आधी चढला, अशा घरातला बाप तो नवशिका. मुलाने शाळेत इंग्रजी बोलावं, गल्लीत हिंदी बोलावं, पंजाबी कानावरून गेलं तर बरंच, आणि शिवाय त्याने मराठी वाचावं, अशा त्याच्या चार इच्छा असतात. एका मुलात साधारण दीड इच्छा मावते. बाकीच्या अडीच ठेवायला घरात जागा करून ठेवावी.

परिसराची ओळख

मिक्सर असो की पुस्तक, लावण्यापूर्वी जागा पाहावी. चंदीगडमध्ये जे सेक्टर सगळ्यांत आधी वसले त्यांतला बावीस एक. शहराचा आराखडा ल कॉर्बुझिएचा, पण बावीसवर हात फिरला तो मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू या इंग्रज नवराबायकोचा. विटांच्या जाळ्या, उन्हाला आडवे येणारे सज्जे, दुकानांपुढचा सलग व्हरांडा. किरण सिनेमा इथलाच, शास्त्री मार्केटही इथलंच. शहर आखणाऱ्या चमूत दोन आडनावं आपल्याकडची सापडतात, प्रभावळकर आणि देठे. ती पाठ करून ठेवावीत. ‘आप लोग यहाँ कब से आने लगे?’ या प्रश्नावर उपयोगी पडतात. (बोक्या सातबंडे लिहिणारे प्रभावळकर ते हे नव्हेत. पहिल्या वर्षी गणपतीत मुलांसमोर बोलताना मी ही गल्लत केली आणि पहिल्या रांगेतल्या एका नऊ वर्षांच्या पोराने ती दुरुस्त केली. घरी जाताना मी त्याच्या आईबापांकडे बराच वेळ असूयेने पाहत होतो.)

या शहरात फार वर्षं सेक्टर १३ नव्हताच; आखणाऱ्यांनी तो आकडा गाळला होता. आता गंमत बघा. बसस्टँडचा सेक्टर १७ आणि रस्त्याच्या अलीकडे आमचा २२, मिळून झाले ३९. म्हणजे तीन तेरा. आकडा गाळून ते टळत नाहीत.

सेक्टर म्हणजे साधारण १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद असा चौकोन. शाळा आत, वाणी आत, दवाखाना आत, मधून हिरवा पट्टा. मुलाला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, हा त्यामागचा विचार. फार चांगला विचार आहे, फक्त भा. रा. भागवतांना तो चालला नसता. त्यांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याला शिकायला येतो आणि सायकल काढली की कुठेतरी अडकतोच. त्याला चौकोनात ठेवलं असतं तर वीसेक पुस्तकांऐवजी एक पातळ पुस्तिका झाली असती. आमच्या मुलीने सेक्टरच्या कडेला उभं राहून पलीकडच्या सतराकडे पाहिलं तरी तिला परदेश पाहिल्यासारखं वाटायचं. मराठी गोष्टीतली मुलं विहिरीत पोहतात, एसटीने जातात, आमराईत शिरतात. या तिन्ही गोष्टी बावीसमध्ये नाहीत. त्यामुळे दर पानावर थांबून एसटी म्हणजे काय ते सांगावं लागतं, आणि सांगताना तुमचाच आवाज जड होतो. ते मूल ओळखतं.

साहित्य आणि पुरवठा

पुस्तकं पुरेशी असावीत. ‘श्यामची आई’ एक प्रत (प्रत्यक्षात तीन निघतात, एक आजोबांनी दिलेली, एक बक्षीस मिळालेली, एक कुणाचीतरी परत करायची राहिलेली). विंदांची बालकवितांची पुस्तकं. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’. जी. ए. कुलकर्णींचं ‘बखर बिम्मची’. फास्टर फेणे, जितके मिळतील तितके, शक्यतो मुखपृष्ठ फाटलेले. ‘किशोर’चे अंक. बालभारतीचं हे मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालं आणि जुने अंक आता संगणकावरही वाचता येतात. पण नवशिक्यांना छापील अंकच हवा असतो, कारण त्याला वास असतो. मुलाला तो वास येत नाही. त्याला धूळ येते, आणि शिंका.

स्थानिक बाजारात मराठी पुस्तक शोधू नये. मी शोधलं. २२-बी मध्ये पंजाब बुक सेंटर आहे, पंजाबी पुस्तकांचं. तिथे मराठी मिळणार नाही हे बाहेरूनच दिसत होतं, तरी आत गेलो, आणि कपाटांपुढे उभं राहिल्यावर आठवली ती मॉस्कोत छापलेली, गुळगुळीत कागदाची आमच्या लहानपणीची रशियन पुस्तकं. ती मराठीत होती. बर्फ, स्लेज, सफरचंदं, सगळं मराठीत. मग तिथेच एक हिशेब मनात जुळला. ‘चांदोबा’ यायचा मद्रासहून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या त्या तंजावरला, सरफोजी राजांच्या छापखान्यात. मराठी मुलाचं पुस्तक असं फार लांबून येत आलेलं आहे. ते लांब जायलाही हरकत नसावी, असं स्वतःला समजावत मी एक पंजाबी बाराखडी घेऊन घरी आलो. ती आजतागायत मीच वाचतो.

पुरवठ्याचे मार्ग दोन. पहिला, गोवा संपर्क क्रांती एक्स्प्रेस. मडगावहून निघून कोकणातून येते ती थेट चंदीगडला. त्या गाडीने येणाऱ्या कुठल्याही नातेवाइकाच्या पिशवीत कोकमं, कुळथाचं पीठ आणि तीन पुस्तकं बसतात. कोकमाची पिशवी फुटली तर पुस्तकं जांभळी होतात. आमच्याकडचं ‘एटू लोकांचा देश’ असंच झालं आहे आणि त्या पुस्तकाला तो रंग शोभतो. दुसरा मार्ग टपालाचा. पुस्तकांसाठीचा जुना स्वस्त नोंदणीकृत दर डिसेंबर २०२४ मध्ये अचानक बंद झाला, तेव्हा पुण्याच्या आत्याने फोनवर टपालखात्याचा उद्धार केला होता. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. आत्या आता बरोबर ५ किलो भरेल असं पार्सल करते. वजन कमी पडलं तर कॅलेंडर घालते.

पहिली पायरी

‘श्यामची आई’ने सुरुवात करू नये.

तुम्ही करालच. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं. आमच्याकडे पाच महिन्यांत सहा रात्री झाल्या. त्यात प्रकरणांऐवजी रात्री आहेत, त्यामुळे रोज झोपताना एक, असा सोपा हिशेब मी मांडला होता. पहिल्या रात्री मुलीने विचारलं, ‘ही आई आजारी पडणार आहे का?’ दुसऱ्या रात्री तेच विचारलं. सहाव्या रात्री तो पायांचा प्रसंग आला. आंघोळ झालेल्या श्यामला ओले पाय मातीत टाकायचे नसतात, आणि आई लुगडं पसरते. इथे माझ्या आजोबांचा गळा दाटायचा, बाबांचा दाटायचा, माझाही परंपरेनुसार दाटला. मी पुस्तक खाली ठेवून चष्मा पुसला. मुलगी गादीवर उठून बसली आणि म्हणाली, ‘पण बाबा, चप्पल का नाही घालून गेला?’

या प्रश्नाला उत्तर नाही. विशेषतः सेक्टर बावीसमध्ये, जिथे न्हाणीघराच्या दाराशी तीन सपातांचे जोड असतात.

बायको दुसऱ्या खोलीतून म्हणाली, ‘तू स्वतःसाठी वाचतोयस. तिला झोपू दे.’ नवशिक्यांनी या वाक्याकडे दुर्लक्ष करावं. मी दोन वर्षं केलं.

दुसरी पायरी

लिंग तपासून घ्यावं. मराठीत ‘ते पुस्तक’. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी. सहा महिन्यांत मूल ‘ही पुस्तक बोर आहे’ म्हणायला लागतं आणि तुम्ही ‘हे! हे पुस्तक!’ म्हणून ओरडता. पुस्तक बोर आहे, ही मूळ तक्रार बाजूलाच राहते. आमच्या घरी नपुंसकलिंग असं हळूहळू गेलं. आधी ‘ते घर’ गेलं, मग ‘ते दूध’, शेवटी ‘ते मूल’ही गेलं. ‘मी नहाऊन आली’, ‘मला भूक लगली’, ‘तो वापस आला’. आजीला फोनवर हे ऐकवू नये. ऐकवलंच तर स्पीकर बंद ठेवावा.

ळ मात्र टिकतो, आणि त्याचं श्रेय तुमचं नाही. आमच्या खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई, म्हणजे आमच्या आंटीजी, राहतात. वय ऐंशीच्या पुढे, माहेर-सासर दोन्ही फाळणीत लायलपूरकडून आलेलं. त्यांच्या पंजाबीत ‘काळा’ आणि ‘गोळी’ आपल्यासारखेच ठणठणीत ळ घेऊन येतात. दिल्लीत वाढलेली माझी भाची ‘शाला’ आणि ‘फला’ म्हणते. आमची मुलगी अंगणात आंटीजींच्या नातवंडांशी भांडून ‘शाळा’ म्हणायला शिकली.

तिसरी पायरी

बक्षीस देऊ नये. एका पुस्तकाला एक कुल्फी ठरवलं तर मूल पातळ पुस्तकं निवडतं. प्रश्नही विचारू नयेत. या गोष्टीतून काय शिकलास, हा प्रश्न आपल्याकडे १८२८ पासून, सदाशिव काशिनाथ छत्र्यांच्या ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीती’पासून चालत आलेला आहे. छत्र्यांचा काळ तसा होता. आपल्याला तेवढी सबब नाही.

चौथी पायरी नाही. शहर आखताना तेरा गाळला तेव्हा कुणी जाब विचारला नाही, आम्हालाही विचारू नये.

पाचवी पायरी : नेकचंद पद्धत

नेकचंद सैनी रस्ते विभागात निरीक्षक होते. सुखना तलावाजवळच्या झाडीत, कुणालाही न सांगता, त्यांनी वर्षानुवर्षं फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशांचे तुकडे, दगड नेऊन ठेवले आणि त्यांतून माणसं, मोर, माकडं उभी केली. जागा सरकारी, परवानगी नाही. सत्तरच्या दशकात सरकारला पत्ता लागला, तोवर अख्खं राज्य वसलं होतं. १९७६ साली त्याचं रॉक गार्डन म्हणून उद्घाटन झालं. बार्ब रोझेनस्टॉक यांचं मुलांसाठीचं इंग्रजी चित्रपुस्तक यावर आहे, ‘द सीक्रेट किंगडम’, २०१८ सालचं. ते मी आणलं, मुलीने एका बैठकीत वाचलं आणि विचारलं, ‘आणि हे रोज ऑफिसला पण जायचे?’ हो, जायचे. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्या ऑफिसच्या बॅगेकडे संशयाने पाहत होती.

त्या पुस्तकावरूनच मला कल्पना सुचली. पुस्तक द्यायचं नाही, दडवायचं. जिन्यात विटांची जाळी आहे, तिच्या प्रत्येक भोकात एक पातळ पुस्तक उभं बसतं. मी रविवारी पहाटे सहा पुस्तकं तिथे बसवली. बातमी कुणालाही नाही. मुलगी शोधेल, हरखेल, पायरीवर बसून वाचेल, असं चित्र.

तीन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी पुस्तकं गायब. मी आनंदाने बायकोला उठवलं. संध्याकाळी कळलं की रद्दीवाल्याला कुणीतरी ‘वो जो सीढ़ियों में पड़ी हैं’ म्हणून सांगितलं होतं. सायकलवरून मागे जाऊन पाच पुस्तकं परत मिळवली, सहावं बाजाराच्या व्हरांड्यात एका छोले-कुलच्याच्या रेहडीवर भेटलं. दोन पानं वापरली गेली होती. रेहडीवाल्याने उरलेलं तत्परतेने परत दिलं आणि वर एक कुलचा घेण्याचा आग्रह केला. ‘बखर बिम्मची’च्या त्या प्रतीत आजही दोन पानं कमी आहेत आणि तिसऱ्यावर आमचूरचा डाग आहे. माझ्या हिशेबाने नेकचंदांना एवढी वर्षं मिळाली कारण त्यांच्या झाडीत रद्दीवाला फिरकत नव्हता.

बिघाड आणि उपाय

मूल पुस्तक उघडतं, पण पान उलटत नाही. आत मोबाइल आहे. काढून घ्यावा.

मूल मराठीऐवजी इंग्रजी भाषांतर मागतं. उलट चाल करावी. मराठीत आलेलं ‘हॅरी पॉटर आणि परीस’ द्यावं. मुलीने तोवर पहिला हॅरी पॉटर इंग्रजीत तीनदा वाचला होता. मराठीतला चौथ्यांदा वाचला, केवळ चुका काढायच्या म्हणून, आणि त्या नादात संपवला. ‘परीस’ हा शब्द मात्र तिने मान्य केला. म्हणाली, ‘दगडापेक्षा बरा आहे.’

मूल वाचतं, पण मोठ्याने वाचत नाही. काहीही करू नये.

मूल वाचत नाही, आणि तुम्ही रोज वाचून दाखवता, आणि ऐकता ऐकता झोपतं. हे यंत्र नीट चालू आहे. वॉरंटीत बदलून मिळणार नाही.

सहावी पायरी, जी मी लिहिली नव्हती

ही पायरी पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीत नव्हती, कारण ती माझ्या डोक्यातून निघालेली नाही. मुलगी पाचवीत होती तेव्हाचा जानेवारी. धुकं इतकं की समोरच्या दिव्याचा खांब दुपारी बारापर्यंत दिसत नव्हता, आणि थंडीची सुट्टी पुन्हा आठवडाभर वाढवलेली. एक दिवस ऊन पडलं. बावीसमध्ये जानेवारीत ऊन पडलं की बातमी पसरते. सगळ्या खाटा बाहेर येतात. आंटीजी खालच्या अंगणात मटार सोलत बसल्या होत्या, आणि मुलगी शेजारी शेंगा खात. मी वर, जिन्याच्या जाळीमागे, कपडे वाळत घालत होतो. म्हणजे ऐकत होतो.

आंटीजी तिला भगत नामदेवांची गोष्ट सांगत होत्या. लहान नामदेव वाटीत दूध घेऊन देवापुढे जातो, देव पीत नाही, मूल रडतं, मग देव पितो. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि ही दुधाची कथाही तिथे आहे. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला आंटीजी लग्नाआधीपासून जात आल्या आहेत. तिथेच एप्रिल २०१५ मध्ये अठ्ठ्याऐंशीवं मराठी साहित्य संमेलन झालं, हे मी त्यांना एकदा सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी ‘अच्छा, लंगर लगाया होगा’ एवढंच विचारलं होतं.

‘दूध नहीं आंटीजी,’ मुलगी म्हणाली, ‘नैवेद्य. पूरा खाना. वरण-भात.’

‘दूध, पुत्त.’

‘हमारे किताब में नैवेद्य है.’

‘तो किताब ले आ.’

मी वर जाळीला नाक लावून उभा. मुलगी धाडधाड जिना चढली, माझ्या अंगावरून घरात गेली, खोका उपसला आणि नामदेवांचं पुस्तक काही सापडेना. ते मी कधी आणलंच नव्हतं. तिला हाताला लागला फास्टर फेणे, मुखपृष्ठ नसलेला. तोच घेऊन ती खाली गेली. ‘नामदेव नहीं मिला. ये मिला.’

‘ये कौन है?’

‘फेणे. फुरसुंगी का है.’

‘फिरोजपुर?’

‘फुरसुंगी, आंटीजी. पुणे के पास.’

‘ओ पुणे. मेरा देवर किरकी में था, फौज में.’ खडकीला अजून किरकी म्हणणारं माणूस मी दहा वर्षांनी ऐकत होतो. ‘सुना.’

तिने पहिलं पान उघडलं. मराठी वाचायचं आणि पंजाबीमिश्रित हिंदीत सांगायचं, असं ती करायला लागली. सुरुवातीला ओळीवर बोट होतं. अडली की स्वतःशी मराठीत अक्षरं जोडायची, मग वर बघून पंजाबीत बोलायची. ‘होस्टेल में रहता है. साइकल बड़ी तेज चलाता है.’ ट्टॉक हा त्याचा आवाज आला तेव्हा तिने जीभ टाळूला लावून काढून दाखवला. आंटीजींना तो जमेना; कवळी आड येत होती. त्यांनी तीनदा प्रयत्न केला, मटाराचा दाणा घरंगळला, दोघी हसल्या. ऊन गेलं तरी प्रकरण संपलं नाही. शेवटी गारठा वाढला म्हणून आंटीजी उठल्या. दाराशी वळून म्हणाल्या, ‘कल पहले ये बताना, वो छूटा कि नहीं.’

त्या रात्री मी झोपताना वाचून दाखवायला गेलो, तर मुलगी पुस्तक घेऊन रजाईत शिरलेली. ‘बाबा, आज नको. उद्याचा भाग तयार करायचाय.’

मी बाहेर येऊन बसलो. बायकोने काहीही म्हटलं नाही. फक्त चहा ठेवला, रात्री दहा वाजता, जो ती कधी ठेवत नाही.

त्या हिवाळ्यात अकरा फास्टर फेणे खाली गेले. पुढच्या हिवाळ्यात ‘गोट्या’. दुरुस्त्या होत गेल्या. आंटीजींच्या सोयीसाठी पुण्याची थंडी वाढली, मिसळीचे छोले झाले, आणि एका गोष्टीत मुख्याध्यापकांना पगडी आली. मी एकदा चुकून म्हणालो की मूळ पुस्तकात तसं नाही. मुलगी म्हणाली, ‘त्यांना कुठे माहितेय?’ आंटीजी गुरुमुखी वाचतात, देवनागरी अडखळत. मराठी तर नाहीच. मूळ संहितेवर इतकी सत्ता याआधी घरात कुणाची चालली नव्हती, माझीही नाही.

नामदेवांचा वाद सुटलेला नाही. आत्याच्या पाच किलोंतून पुस्तक आलं, नैवेद्य सिद्ध झाला. आंटीजी म्हणाल्या, ‘तुम्हारे वाले ने खाना खाया होगा. हमारे वाले ने दूध पिया.’

सातवी पायरी : वय तेरा आणि पुढे

आता मुलगी नववीत आहे. या वयात पुस्तक द्यायचं असेल तर ते मुलांसाठी लिहिलेलं नसलेलं बरं. मुलांबद्दल लिहिलेलं असावं. प्रकाश नारायण संतांचे लंपनचे संग्रह, ‘वनवास’पासून पुढे. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’, २००४ सालची. दुकानदार ही पुस्तकं मोठ्यांच्या कपाटात ठेवतो. त्याचं बरोबर आहे. मोठे ती वाचतात ते आपण तेव्हा कसे होतो हे आठवायला. चौदा वर्षांचं माणूस वाचतं ते पुढे काय होतं ते बघायला.

मी लंपन सुचवला. कारण मला आवडतो, एवढंच, आणि मला आवडतो हे माझ्या चेहऱ्यावर इतकं दिसत होतं की तिने तो शेल्फवर जसाच्या तसा ठेवला. ‘शाळा’बद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. ती तिने स्वतः काढली, कारण तिच्यातला मुकुंद जोशीही नववीत आहे. दोन रात्रींत निम्मी झाली. काळ आणीबाणीचा आहे, हे समजावून सांगायला मी तयार बसलो होतो. तिने विचारलं नाही. तिने विचारलं, ‘वर्गात मुली आणि मुलं बोलायचीच नाहीत? खरंच?’ मी हो म्हणालो. ‘मग तू आईशी कसा बोललास?’ त्याचं उत्तर या पुस्तिकेच्या कक्षेत येत नाही.

मला वाटलं होतं की हे पुस्तक तरी खाली जाणार नाही. ऐंशी उलटलेल्या बाईला नववीतल्या मुलाचं एका मुलीकडे बघणं काय सांगायचं? गेल्या आठवड्यात संध्याकाळी दूध आणायला उतरलो तर आंटीजींच्या व्हरांड्यातून आवाज येत होते. मी जाळीमागे थांबलो. सहा वर्षांत माझ्या उंचीला बरोबर येईल असं भोक मला माहीत झालं आहे.

‘तो उसने कुछ कहा?’

‘नहीं आंटीजी. बस देखता है.’

‘और कुडी?’

‘वो भी कभी-कभी देखती है.’

‘नाम क्या है?’

‘शिरोडकर.’

‘ये तो घर का नाम हुआ. कुडी का नाम?’

‘सब शिरोडकर ही बोलते हैं.’

थोडा वेळ शांतता. मग अगदी चौकशीच्या सुरात, जसं स्थळ आल्यावर विचारतात तसं, ‘कुडी दे प्यो की करदे ने?’ मुलीचे वडील काय करतात?

मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तसाच दूध न घेता वर आलो, मग दूध आठवलं, मग पुन्हा खाली गेलो.

पुस्तक तिचं रविवारीच वाचून झालं आहे. शिरोडकरचं पुढे काय होतं ते तिला माहीत आहे. आंटीजींना तिने अजून सांगितलेलं नाही. आज म्हणाली, युनिट टेस्ट आहे. काल म्हणाली, घसा बसलाय. परवा स्वतःच्या मनाने एक सहलीचं प्रकरण घालून वेळ काढला. ते मूळ कादंबरीत नाही, मी तपासलं. आता साडेसहा झालेत. ती टेबलापाशी बसली आहे, भूगोल उघडा आहे, पान उलटत नाही, आणि आत मोबाइलही नाही. खालून जिन्यात काठीचा आवाज आला, दोन पायऱ्या, आणि मग तिथूनच हाक आली.

‘पुत्त! फेर की होया?’